हृदयशस्त्रक्रियेपूर्वी मनाचीही तपासणी

हृदयशस्त्रक्रिया यशस्वी होते. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वृद्ध रुग्ण घरच्यांना ओळखत नाही, असंबद्ध बडबडू लागतो. कोणी म्हणते वेड लागले, कोणी म्हणते बाधा झाली. वस्तुतः हा ‘डिलिरियम’, म्हणजे बहुधा तात्पुरता असणारा तीव्र संभ्रम होय. त्याचा अंदाज आधी बांधता येतो. अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचे चार जोखीम-घटक निश्चित केले: स्मरण व आकलनाच्या ३० गुणांच्या चाचणीत कमी गुण, खिन्नता, पूर्वीचा पक्षाघात आणि रक्तातील अल्ब्युमिनचे बिघडलेले प्रमाण. म्हणून वडीलधाऱ्यांचा विसराळूपणा वा उदासी कुटुंबीयांनी लपवू नये. डॉक्टरांना आधीच सांगावी. म्हणजे शुद्धीवर येताच चष्मा, श्रवणयंत्र, ओळखीचा चेहरा व रात्रीची शांत झोप यांची तजवीज करता येईल.