आरागिरणीची प्रतिकृती
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



लहान आकाराची रेल्वे म्हटली की आपल्या नजरेसमोर इंजिन उभे राहते. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे-संग्रहालय १९९८ पासून आहे. ते पाहिलेली मंडळी येथे असतीलच. आज मात्र मला इंजिनाविषयी फारसे बोलावयाचे नाही. गाडी ज्या कामासाठी धावते ते काम प्रतिकृतीत दिसले पाहिजे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी मी लाकूड कापणारी आरागिरणी निवडली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. तत्कालीन कोचीन संस्थानाने परंबिकुळमच्या जंगलातील साग व शिसवी बाहेर काढण्यासाठी चालकुडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटरचा मीटर गेज ट्रामवे बांधला. तो १९०७ साली सुरू झाला आणि १९६३ साली बंद पडला. डोंगरातील तीव्र उतारांवर दोर लावलेला असे. भरलेली वाघीण खाली उतरताना आपल्या भाराने रिकाम्या वाघिणीस वर ओढून घेई. माझ्या मांडणीतील ट्रामवे खरा आहे. चालकुडीच्या टोकास जोडलेली गिरणी मात्र कल्पित आहे. कल्पित वस्तूला मापाचा धाक अधिकच हवा.

प्रमाण १:८७ असे धरले. मीटरभर रुंदीचा लोहमार्ग या मापात साडेअकरा मिलिमीटरांचा होतो. विकत मिळतो तो बारांचा. दहा मीटरचा ओंडका साडेअकरा सेंटिमीटर आणि इंचभर जाडीची फळी पोस्टकार्डाएवढी.

आता गंमत अशी की, सागाची फळी सागाची करता येत नाही. सागाचे रेषे आणि छिद्रे काही लहान होत नाहीत; एवढ्याशा फळीवर ती ओढ्यानाल्यांसारखी दिसतात. म्हणून बारीक पोताचे हेदूचे लाकूड घ्यावयाचे आणि त्यास सागाचा रंग द्यावयाचा. भुशाच्या ढिगासाठी भुसासुद्धा चालत नाही. मिलिमीटरभराचा कण त्या जगात जवळजवळ नऊ सेंटिमीटरांचा धोंडा ठरतो. काचकागदावर लाकूड घासून जे पीठ पडते, तेच तेथे भुसा म्हणून शोभते.

इमारत आधी आणि यंत्रे मागाहून, हा क्रम मला पटत नाही. आधी ओंडक्याची वाट आखावी. ओंडके उंच बाजूने घरंगळत येतात, गाड्यावर चढतात आणि गाडा रुळांवरून करवतीपुढे जातो व मागे येतो. सालीकडचा पहिला काप बॉयलरच्या पोटात जातो, म्हणून बॉयलर जवळ हवा. पण ठिणगीच्या भयाने त्याला वेगळी खोली हवी. वर्तुळाकार करवत प्रत्येक कापात सहा-सात मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, पट्ट्याची करवत त्याच्या निम्माच. तेव्हा आत कोणती करवत आहे, हे बाहेरच्या ढिगावरून कळले पाहिजे. फळ्यांच्या थप्पीत दर दोन थरांमध्ये आडव्या पट्ट्या हव्यात, म्हणजे वारा खेळतो. त्या विसरल्या तर एखादा सुतार पाहताक्षणी हसेल!

एका ठिकाणी निसर्ग ऐकत नाही. लांबी ८७ पटींनी घटली की वजन साडेसहा लाख पटींनी घटते. वीस टनांची भरलेली वाघीण तीस ग्रॅमांची होते आणि तेवढ्या भाराने दुसरी वाघीण काही चढत नाही. चाकांचे घर्षणच वरचढ ठरते. उताराखाली लहानशी मोटर दडवावी लागते. यास कोणी लबाडी म्हणतील, मी म्हणणार नाही. भरलेल्याने रिकाम्याला ओढणे दिसावयास हवे, ते दिसते.

खरी लबाडी होते ती झाडांच्या बाबतीत. गिरणीच्या चहूबाजूंस घनदाट अरण्य लावण्याची हौस पुष्कळांना असते. देखावा हिरवागार होतो. परंतु छपन्न वर्षे ज्या मार्गाने लाकूडच वाहिले, त्याच्या कडेला खुंट नसतील, हे कसे मानावे? मी रुळांलगत खुंट लावले आहेत. पाहणाऱ्यांपैकी काहींना ते रुचत नाहीत. शोभा जाते, असे ते म्हणतात. जाऊ द्यावी.

परंबिकुळमचे ते जंगल आता व्याघ्रप्रकल्प आहे आणि तेथे कन्निमारा नावाचा एक पुराणा साग आजही उभा आहे. उंची चाळीस मीटरांच्या घरात. माझ्या मापात तो सेहेचाळीस सेंटिमीटरांचा होतो, गिरणीच्या धुराड्याच्या दुप्पट. तोही मी केला आहे आणि खुंटांच्या रांगेपलीकडे, मांडणीच्या अगदी कडेस, लावला आहे.