आधी चार पाकिटं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात एका सभासद भगिनींनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



सर्वप्रथम रौप्यमहोत्सवाबद्दल आपल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पंचवीस वर्षांपूर्वी टँकरमागे बादल्या घेऊन धावणारी आपण माणसं आज याच इमारतीत आपल्या मुलांच्या स्टार्टअपवर बोलतोय, याचा मला फार आनंद वाटतो.

कमिटीने मला विषय दिला, ‘नवीन उद्योग कसा सुरू करावा’. मी उद्योजक नाही. बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लोकांनी बनवलेली वस्तू खरंच चालते का, आणि ज्याच्यासाठी बनवली त्याच्या उपयोगाला येते का, हे बघणं हा माझा धंदा. त्यामुळे मला जे ठाऊक आहे तेवढंच सांगणार आहे: नव्या धंद्याचं पहिलं छोटं रूप लवकरात लवकर लोकांसमोर कसं न्यायचं, आणि का न्यायचं. विषय तरुणांचा वाटेल. पण सुरुवातीचे पैसे पुष्कळदा आईवडिलांच्या पीएफमधून येतात, तेव्हा ज्येष्ठांनीही कान द्यावा ही विनंती.

या पहिल्या छोट्या रूपाला स्टार्टअपवाले एमव्हीपी म्हणतात, म्हणजे मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ साली हा शब्द वापरला आणि एरिक रीस यांच्या २०११ सालच्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकामुळे तो जगभर गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर, गिऱ्हाईक खरंच वापरेल अशी कमीत कमी वस्तू. ती कशासाठी? आपला अंदाज बरोबर आहे की चूक, हे थोड्या पैशात आणि थोड्या दिवसांत कळावं म्हणून.

आपण हे केलेलं आहे, बरं का! ओला-सुका कचरा वेगळा करायचा ठरला तेव्हा चारही विंगांसाठी डबे एकदम घेतले नाहीत. आधी फक्त ए विंगमध्ये महिनाभर करून पाहिलं. तेव्हा कळलं की अडचण डब्यांची नव्हतीच, कचरा न्यायची वेळ चुकीची होती. वेळ बदलली आणि काम सुरळीत झालं. कोणी त्याला एमव्हीपी म्हटलं नाही एवढंच.

आता मोठी उदाहरणं घेऊ. पहिलं आपल्या मुंबईचंच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली, आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला गेली. तोच पुढे लिज्जत पापड झाला. लिज्जत हे नावसुद्धा १९६२ साली मिळालं. म्हणजे आधी पापड, मग गिऱ्हाईक, आणि नाव तीन वर्षांनी! आज मुलं आधी नाव आणि लोगो करतात, व्हिजिटिंग कार्डं छापतात, आणि गिऱ्हाईक शेवटी शोधतात.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. कारखाना टाकला असता तरी पावसाने हेच शिकवलं असतं, पण ती शिकवणी फार महाग पडली असती. लहान सुरुवातीचा हा मोठा फायदा. अडचण येतेच, पण ती झेपेल एवढी येते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, १९९९ सालचं. निक स्विनमर्न यांना वाटलं, लोक इंटरनेटवरून बूट घेतील. त्या काळी हे वेडेपणाचंच वाटायचं, कारण बूट पायात घालून बघितल्याशिवाय कोण घेणार? त्यांनी गोदाम भाड्याने घेतलं नाही. जवळच्या बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि पोस्टाने पाठवायचा. यात नफा कसला, उलट खिशातलेच जायचे. पण लोक न घालता बूट घेतात का, या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. ती कंपनी म्हणजे झॅपोस. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली.

तिसरं, ड्रॉपबॉक्स. सगळ्या कॉम्प्युटरांवर आपल्या फाइल आपोआप सारख्या राहाव्यात, अशी ड्रू ह्यूस्टन यांची कल्पना. हे बनवायला अवघड काम. म्हणून त्यांनी २००८ मध्ये तीनेक मिनिटांचा व्हिडिओ केला आणि ही वस्तू कशी चालेल ते दाखवलं. वाट पाहणाऱ्यांच्या यादीतली पाच हजार नावं एका रात्रीत पंचाहत्तर हजारांवर गेली. लोकांना हवंय का, हे वस्तू पूर्ण तयार होण्याआधीच कळलं.

आता उलट उदाहरण. वेबव्हॅन नावाची कंपनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरपोच किराणा देऊ लागली. कल्पना वाईट नव्हती, आज आपल्या गेटवर दिवसभर तेच चालतं. पण एका शहरात बस्तान बसायच्या आतच त्यांनी देशभर यांत्रिक गोदामं उभारण्यासाठी शंभर कोटी डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये कंपनी बंद पडली आणि सुमारे दोन हजार लोकांची नोकरी गेली. कल्पना चांगली असूनही धंदा बुडू शकतो. लोक किती वेळा मागवतील आणि एका डिलिव्हरीला खर्च किती येईल, याचा अंदाज तपासायच्या आधीच त्यांनी पैसा गोदामांत ओतला.

हे सगळं परदेशातलं झालं, आपलं काय? तर आपल्याच सोसायटीतल्या एका घरातली गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

त्या घरातल्या मुलाला अ‍ॅप काढायचं होतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी औषधं, प्लंबर, बँकेची कामं, दवाखान्यात सोबत, सगळं एका ठिकाणी. एका सॉफ्टवेअर कंपनीने नऊ महिने आणि चौदा लाख रुपये सांगितले. मुलगा नोकरी सोडायला निघालेला. वडील नुकतेच रिटायर झालेले. फ्लॅटवर कर्ज काढायचं त्यांच्या मनात आलं, कारण बँकेला लागणारी सोसायटीची एनओसी कशी मिळते हे विचारायला ते सेक्रेटरींकडे गेले होते. ज्या फ्लॅटचे हप्ते भरताना त्या वहिनींनी पंधरा वर्षं शिकवण्या घेतल्या, तो फ्लॅट! वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “तू त्या लाइनमध्ये आहेस, त्याला काहीतरी सांग. नाही म्हणू नकोस त्याला, पण सांग.”

मी त्याला म्हटलं, “अरे, नोकरी सोडू नकोस. सहा आठवडे दे. एक जादा सिमकार्ड घे, एक वही घे आणि एक पान छापून आसपासच्या सोसायट्यांत वाट. फोन आला की काम तूच कर, किंवा तुझ्या ओळखीतला भरवशाचा माणूस पाठव. आणि महिन्याचे पाचशे रुपये आधी माग.”

पैसे मागायचं म्हटल्यावर तो अडखळला. “मावशी, आधी फुकट देऊ ना, लोक खूश होतील.” लोक खूश होतीलच हो. फुकटात कोण नाराज होतं? आपली माणसं मुळात चांगली. कोणाचाही मुलगा काही दाखवायला आला की म्हणतात, “वा, छान आहे, कर.” पण ‘छान आहे’ हा आशीर्वाद झाला, ती ऑर्डर नव्हे. पाचशेची नोट निघते का, हे बघायचं.

झालं असं की, वीस-बावीस घरं ‘छान’ म्हणाली आणि पैसे सात घरांनी दिले. त्या सातांपैकी पाच घरांत पैसे भरले मुलांनी, कोणी बंगळूरुहून, कोणी दुबईहून. आईवडिलांनी नव्हे. औषधांसाठी जवळजवळ कोणी फोन केला नाही, कारण नाक्यावरचा मेडिकलवाला फोन केल्यावर फुकट घरी पाठवतो. सगळ्यात जास्त फोन आले ते दवाखान्यात सोबत जाण्यासाठी. आणि परदेशातल्या मुलांना खरं काय हवं होतं? डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी कोणीतरी नीट सांगावं. ही गोष्ट चौदा लाखांच्या अ‍ॅपच्या यादीत नव्हतीच.

या सगळ्याला खर्च आला अकरा हजारांच्या आसपास. आज तो मुलगा नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी फक्त दवाखान्याच्या सोबतीचं काम करतो, दोन माणसं हाताशी आहेत. अ‍ॅप अजून नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर चाललंय. पुढे हा धंदा मोठा होईल की नाही, कोण सांगणार! पण घर गहाण पडलं नाही. आणि उद्या अ‍ॅप केलंच, तर ते कोणासाठी आणि कशासाठी करायचं, हे त्याला पक्कं माहीत आहे.

यातून जे करायचं ते थोडक्यात सांगते. पहिलं, एका कागदावर एक वाक्य लिहा: कोणाची अडचण, कोणती, आणि त्यासाठी पैसे कोण देणार. मग स्वतःला विचारा, यातली कोणती गोष्ट खोटी निघाली तर सगळंच बसेल? तीच आधी तपासा. दुसरं, जे हाताने करता येतं ते आधी हाताने करा. फोन, वही, यूपीआय एवढ्यावर पुष्कळ होतं. हाताने करताना गिऱ्हाईक कुठे वैतागतं ते दिसतं. तिसरं, सुरू करण्याआधीच तारीख आणि आकडा लिहून ठेवा: इतक्या आठवड्यांत इतक्या लोकांनी पैसे दिले तर पुढे, नाहीतर बदल. आधी लिहिलं नाही, तर नंतर मन हवा तसा अर्थ काढतं. चौथं, दुसऱ्यांदा कोण आलं ते मोजा. पहिल्यांदा लोक ओळखीखातर येतात, दुसऱ्यांदा गरज असली तरच येतात.

आता एक सावधगिरी. कमी म्हणजे कच्चं नव्हे. लिज्जतच्या बायकांनी सुरुवातीला एक स्वस्त, हलक्या प्रतीचा पापडही करायचं ठरवलं होतं. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सांगितलं की एकच चांगला पापड करा, दर्जाशी तडजोड नको. पाकिटं चारच, पण त्यांतला पापड चांगला. म्हणून गोष्टींची संख्या कमी करा, प्रामाणिकपणा कमी करू नका. घरून खाण्याचे पदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. लोकांचे फोन नंबर, आजारांची माहिती तुमच्याकडे येणार असेल तर ती जपा, त्यासाठी २०२३ चा कायदाही आहे. औषधं, वीज, लहान मुलं, लोकांची ठेव, यांच्या बाबतीत ‘आधी करून बघू’ चालत नाही. तिथे जाणकाराला विचारूनच पाऊल टाका.

आईवडिलांना एक सांगणं. मुलाने कल्पना सांगितली की लगेच चेकबुकही काढू नका आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असंही म्हणू नका. एवढंच विचारा, “सहा आठवड्यांत, हातखर्चाच्या पैशात, यातलं काय करून दाखवशील?” ज्याच्या मनात खरंच काम आहे तो या प्रश्नाने खूश होतो. आणि अंदाज चुकला तर त्याला घालूनपाडून बोलू नका. दहा हजारांत कळलेलं ‘नाही’ हे शिक्षणच आहे, आजकालच्या क्लासच्या फीपेक्षा स्वस्त.

आणि तरुण मंडळींनो, तुम्हाला पहिली गिऱ्हाइकं शोधायला लांब जायला नको. ही पाहा, समोर बसली आहेत. इतकी स्पष्टवक्ती माणसं बाजारात मिळणार नाहीत, एजीएमला येऊन खात्री करून घ्या!

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी अकरा ते बारा मी इथेच सभागृहात बसणार आहे. कमिटीने परवानगी दिली आहे, पंख्याचं बिलही लावणार नाहीत असं खजिनदार म्हणालेत. ज्यांच्या डोक्यात काही आहे त्यांनी यावं, मग तो कॉलेजचा मुलगा असो की दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या असलेल्या काकू. प्रेझेंटेशन नको, एक पान लिहून आणा. मी पहिला प्रश्न एकच विचारणार आहे: तुमची पहिली चार पाकिटं कोणती, आणि ती कोणाला देणार?



जय हिंद, जय महाराष्ट्र!