एकोणचाळीस उदाहरणं पुरत नाहीत



नांदेड असो की लातूर, सूत्र पाठ करणं आपल्याला शिकवावं लागत नाही. प्रवेश परीक्षेत ते लागतंच. आज एका सूत्राला विचारू या : तू खरं कशावरून?

१ + ८ + २७ = ३६. आणि १ + २ + ३ = ६, त्याचा वर्ग ३६. म्हणजे घनांची बेरीज ही साध्या बेरजेचा वर्ग. चौथा घन ६४ मिळवा : १००, म्हणजे १० चा वर्ग. जमलं! पण सिद्ध झालं का? नाही.

एक संख्या घ्या. तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. १ ते ३९ पर्यंत दर वेळी मूळ संख्याच येते. ४० ला येते १६८१, म्हणजे ४१ × ४१. एकोणचाळीस साक्षीदार, तरी दावा खोटा.

इथे इंडक्शन, म्हणजे गणिती विगमन, कामाला येतं. इ.स. १००० च्या सुमारास बगदादमध्ये अल्‌-करजी यांनी ५५ बाजूचा चौरस घेतला. ५५ म्हणजे १ ते १० ची बेरीज. त्यातून १० रुंदीची काटकोनी पट्टी कापली, की ४५ बाजूचा चौरस उरतो. पट्टीचं क्षेत्रफळ १० × (५५ + ४५) = १०००, म्हणजे १० चा घन! पुढची पट्टी ९ चा घन, असं करत १ पर्यंत.

आता १० च्या जागी कोणतीही क घ्या. मोठी बाजू क(क + १)/२, लहान क(क − १)/२. दोन्हींची बेरीज क², म्हणून पट्टी क³. सूत्र आधीच्या संख्येला खरं असेल, तर क लाही खरं. आणि १ ला ते खरं आहेच. झालं, सगळ्या संख्यांना लागू.

हाच नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) आहे, फैजींनी १५८७ मध्ये तिचा फारसी अनुवाद केला. ज्ञान असंच हातोहात जातं.

मुद्दा मार्कांपुरता नाही. चार-पाच माणसं पाहून अख्ख्या जमातीबद्दल बोलणाऱ्याला, व्हॉट्‌सॲपवर आलेलं पुढे ढकलणाऱ्याला हाच प्रश्न विचारा : पुढची पायरी कुठे आहे? आणि स्वतःलाही विचारा. सिद्धतेला आडनाव लागत नाही, क्लासची फी लागत नाही. खेड्यातली मुलगीही ती तपासू शकते आणि सरांना अडवू शकते.

घरी जाऊन १ + ३ + ५ + ७ करून पाहा. काय दिसतं ते सांगू नका, सिद्ध करून आणा.