आईचे दूध आणि आतड्यांतील आदिजीव



औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील ज्वारीच्या रानात उंदराचे बीळ खणले, तर चोरून नेलेल्या कणसांशेजारी, सुक्या पाल्याच्या घरट्यात, डोळे न उघडलेली गुलाबी पिले दिसतात. जन्मतः त्यांच्या आतड्यांत आदिजीव, म्हणजे एकपेशीय परोपजीवी, सहसा नसतात. ती चालूफिरू लागली की मात्र हे जीव त्यांच्यात आढळू लागतात.

हे जीव गर्भातून येतात की दुधातून? उत्तर घरट्यातच आहे. आईच्या आतड्यात राहणारा जिआर्डिया स्वतःभोवती टणक कवच करून लेंडीवाटे बाहेर पडतो. या कवचबद्ध अवस्थेस पुटी म्हणतात. पिलांचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. मग ती मळलेला पाला कुरतडतात, आईचे अंग चाटतात, आणि पुटी पोटात जातात. कॉक्सिडिया गटातील जंतूंची बीजे बाहेर पडताच बाधक नसतात. ऊब, ओल आणि हवा मिळून ती पिकावी लागतात. त्यामुळे ताज्या लेंडीपेक्षा जुने, ओलसर घरटे अधिक घातक.

दुधाचे काय? पूर्वी जिआर्डियाची लागण होऊन गेलेल्या उंदरीच्या दुधातील प्रतिपिंडे पिलांचे रक्षण करतात, हे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. एकाच आईची विष्ठा रोग देते आणि दूध तो अडवते! १९८३ साली अमेरिकेतील संशोधकांनी मानवी दुधाची परीक्षा केली. प्रयोगनळीत त्या दुधाने जिआर्डिया मारला, आमांशाचा अमीबाही मारला.

उंदरांत आढळणारा जिआर्डिया म्युरिस हा माणसाच्या जिआर्डियाहून निराळा आहे. तेव्हा बाळाच्या हगवणीचा सारा दोष उंदरावर टाकता येत नाही. परंतु वाट तीच: विष्ठेतून तोंडाकडे. माणसास लागण होण्यास अवघ्या दहा पुटी पुरतात, हे १९५४ साली दाखविले गेले. बाळास जुलाब झाले की ‘दूध बाधले’ म्हणून अंगावरचे पाजणे थांबविले जाते. बाळाचे संरक्षणच त्याने काढून घेतले जाते, आणि त्याजागी वाटी-चमच्याने न उकळलेले पाणी दिले जाते. जुलाबातही अंगावरचे दूध चालू ठेवावे, सोबत क्षारसंजीवनी द्यावी; पहिल्या सहा महिन्यांत एरवी वरचे पाणी लागत नाही. पुढे बाळ रांगू लागते, जमिनीवरचे सारे तोंडात घालते. तेव्हा पाणी खळखळून उकळावे आणि शौचानंतर व भरविण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.