जेनिनच्या छावणीतलं बालनाट्य



आज जाऊ या पॅलेस्टाईनमध्ये.
वेस्ट बँकमधल्या जेनिन शहराला लागून निर्वासितांची छावणी आहे.
छावणी म्हटलं की आपल्याला तंबू दिसतात.
पण इथे पक्की घरं आहेत, अरुंद गल्ल्या आहेत.
आजोबा निर्वासित, आणि नातूही निर्वासितच.

पहिल्या इंतिफादात, म्हणजे उठावात, इथल्या शाळा बंद पडल्या.
तेव्हा आर्ना मेर खामिस नावाच्या बाई इथे आल्या.
त्या ज्यू, इस्रायली.
त्यांनी मुलांना रंग दिले, कागद दिले.
पुढे, 1993 मध्ये, त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.
त्या पैशातून नाट्यगृह उभं राहिलं.
कुठे?
छावणीतल्याच एका बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर!
नाव ठेवलं, स्टोन थिएटर.
दगडांचं नाट्यगृह.

आर्ना यांचा मुलगा, नट जुलियानो, तालमी घ्यायचा.
त्याच्या 'आर्नाज चिल्ड्रन' या माहितीपटात एक मुलगा दिसतो.
पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यावर तो गप्प बसलाय.
रंगमंचावर मात्र अशीच मुलं मोठ्यानं बोलतात, हसतात.
इथे मूल आपली गोष्ट स्वतः सांगतं.
हो, स्वतः सांगतं.

नाटकानं सगळ्यांना वाचवलं, असं मात्र नाही.
त्यांतली काही मुलं पुढे बंदुका घेऊन लढली, आणि मेली.
2002 मध्ये छावणीत इस्रायली लष्कराशी झालेल्या लढाईत ते नाट्यगृहही पडलं.

2006 मध्ये जुलियानोनं सहकाऱ्यांसोबत फ्रीडम थिएटर सुरू केलं.
2011 मध्ये थिएटरच्या दाराबाहेरच जुलियानोला गोळ्या घातल्या.
मारेकरी कोण, ते आजही ठाऊक नाही.
तरीही तालमी पुन्हा सुरू झाल्या.

2025 च्या सुरुवातीला इस्रायली लष्कराच्या कारवाईत छावणी जवळपास रिकामी झाली.
मुलांना पुन्हा एकदा घर सोडावं लागलं.