मांडीमागील स्नायूंचा ताण : केव्हा व कसा

खो-खोच्या तासापूर्वी मुलांना ओळीने उभे करून, गुडघे ताठ ठेवून पायांचे अंगठे धरावयास लावण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. हेतू चांगला, परंतु वेळ व पद्धत यांचा विचार अवश्य व्हावा.

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. गुडघा वाकविणे व मांडी मागे नेणे हे त्यांचे कार्य. वेगाने धावताना त्यांवर मोठा भार पडतो. हे स्नायू नियमाने, स्थिर ताणून धरल्यास लवचिकपणा वाढतो. मात्र तोच ताण ६० सेकंदांहून अधिक काळ धरल्यास त्यानंतर काही वेळ त्यांची शक्ती किंचित घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून खेळापूर्वी पाय पुढेमागे झुलविणे, गुडघे उचलून चालणे अशा हालत्या क्रिया घ्याव्यात. स्थिर ताण खेळानंतर, सुमारे ३० सेकंद द्यावा. हिसके केव्हाही देऊ नयेत. हिसक्याने स्नायू उलट आखडतो.

स्नायू प्रथम आवळून, मग सैल सोडून ताणण्याचीही एक पद्धत आहे. डॉ. हर्मन कॅबट यांनी १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत रुग्णांसाठी योजिलेल्या उपचारांतून ती आली. तिने लवचिकपणा चांगला वाढतो. परंतु जाणत्या मार्गदर्शकावाचून ती मुलांकडून करवून घेऊ नये.

ज्याचे हात अंगठ्यांपर्यंत पोचत नाहीत, तो मुलगा आळशी नव्हे. त्याची पाठ दाबणे ही शिस्त नसून इजेला निमंत्रण आहे. त्याला त्याच्या मर्यादेपर्यंतच वाकू द्यावे. काही आठवड्यांच्या सरावाने ती मर्यादा आपोआप पुढे सरकते, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे.