सही करण्यापूर्वी
(अळणावर येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कागदावर सही करावयास अर्धे मिनिट पुरते. परंतु त्या सहीचे बंधन वर्षानुवर्षे आणि पुष्कळदा मुलाबाळांपर्यंत टिकते. जमिनीचा व्यवहार, ट्रॅक्टरचे कर्ज, उसाचा करार, दुकानाचे भाडे, शेजाऱ्यासाठी राहिलेला जामीन, असे कितीतरी कागद आपल्या हाताखालून जातात. भांडण उपस्थित झाल्यावर वकिलाकडे धाव घेण्यापेक्षा, सही करण्यापूर्वीच कागदातील दोष ओळखता आले तर किती बरे, याचा आज विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. त्यांचा राग मुख्यतः कागदावर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला आणि प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू करण्यात आला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. आज तसा ग्रामनिबंधक नाही. म्हणून त्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

पहिली गोष्ट ही, की एकदा करार लेखी झाला म्हणजे न्यायालय कागदाकडे पाहते. कागदातील शर्तींच्या विरुद्ध तोंडी बोलण्याचा पुरावा, काही अपवाद सोडल्यास, चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. "पैसे परत केलेस की जमीन परत देईन" असे तोंडी आश्वासन देऊन कायम खरेदीखत लिहून घेतले जाते, तेव्हा हाच धोका असतो. मुदतखरेदी हे गहाण मानले जावयाचे, तर परतीची शर्त त्याच दस्तात असावी लागते, असा नियम १९२९ च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आला आहे. तेव्हा जे ठरले ते कागदात आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास ते घालून घ्यावे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेत पुष्कळदा इंग्रजी अशी स्थिती आहे. जी भाषा आपणांस वाचता येत नाही, त्या भाषेतील मसुदा समोरच्या पक्षाकडून समजावून घेऊन भागत नाही. तो आपल्या विश्वासातील तिसऱ्या माणसाकडून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने वाचून घ्यावा. मजकूर अमुक भाषेत वाचून दाखविला, असा उल्लेख दस्तात करून वाचणाऱ्याची सही घ्यावी.

तिसरी गोष्ट कोऱ्या जागेची. मुद्रांक लावलेली कोरी किंवा अर्धवट वचनचिठ्ठी सही करून दिल्यास, ती पुरी करण्याचा अधिकार आपण धारकास दिला, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यान्वये प्रथमदर्शनी मानले जाते. म्हणून रक्कम अंकांत व अक्षरांत लिहिल्याशिवाय सही करू नये, उरलेल्या जागेवर रेघ मारावी आणि प्रत्येक पानावर सही करावी.

चौथी गोष्ट शर्तींची. मुदत कोणत्या दिवशी संपते? व्याज दरमहा आहे की दरसाल? माल नाकारण्याचा अधिकार कोणाला, आणि वजन व प्रत कोण ठरविणार? करार मोडल्यास भरावयाची रक्कम किती? ती अवाजवी असल्यास न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देववते, हे खरे. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. तंटा झाल्यास कोठे जावयाचे, हेही पाहावे. तंटा दूरच्या शहरातच चालेल, असे कलम असल्यास धारवाडच्या न्यायालयाऐवजी तेथे खेपा घालण्याची पाळी येईल. "सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे" असे लिहिले असेल, तर ते परिशिष्ट हाती घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

जामिनाबद्दल विशेष सांगावेसे वाटते. जामीन राहणे म्हणजे केवळ ओळख देणे नव्हे. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते, असे १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते. भिडेखातर सही करणाऱ्याने, ही सारी रक्कम आपणांस भरता येईल काय, असे स्वतःस विचारावे.

जमिनीच्या बाबतीत कागदाबाहेरही पाहावे लागते. पहाणी पत्रकात नाव कोणाचे आहे, उपनिबंधक कचेरीतील बोजाच्या दाखल्यात गहाण वा पूर्वीची विक्री दिसते काय, आणि सर्व हिस्सेदारांची संमती आहे काय, हे तपासावे. विक्रीचा नुसता करार झाला म्हणजे मालकी येत नाही; त्यासाठी नोंदलेले खरेदीखत लागते. दस्ताची नोंद झाली म्हणून विकणाऱ्याचा हक्क शाबीत झाला, असेही नव्हे. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने दिलेली जमीन, १९७८ च्या कायद्यान्वये, सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. अशा जमिनीत पैसा घालणारा पैसा गमावतो आणि विकणाराही अडचणीत येतो.

शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे, की वरच्या वर्गांतील मुलांकडून एखादे भाडेपत्र वाचून घ्यावे व त्यातील शर्ती वहीत मांडावयास सांगावे. घरातील वडील माणसांचा पहिला वाचक हा मुलगाच असतो. कर्मचाऱ्यांनीही "येथे सही करा" असे म्हणण्यापूर्वी कागद कशाचा आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. तेवढ्याने काम अडत नाही.

सल्ल्यासाठी पैसा नाही म्हणून कोणी थांबू नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती इत्यादींना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधिसाहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शेवटी एवढेच, की समोरचा मनुष्य घाई करू लागला, तर कागदाची प्रत मागून घ्यावी व एक रात्र घरी ठेवावी. व्यवहार सचोटीचा असेल तर तो एका रात्रीत बिघडत नाही. आणि प्रत देण्यासच जो नकार देतो, त्याच्या कागदावर सही न करणेच श्रेयस्कर होय.